खारातले भात, हापूसचा साका आणि जीन एडिटिंग: कोकणातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत जीन एडिटिंगने, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जनुकात नेमक्या जागी बदल करून, तयार केलेले भाताचे दोन नवे वाण जाहीर केले आणि तेव्हापासून हा शब्द आपल्या गावागावात पोहोचला. खरिपाच्या बैठकीत, खताच्या दुकानासमोर, माती परीक्षणाचा नमुना घेऊन आल्यावर, सगळीकडे त्याविषयी विचारणा होते. काहींना त्यातून फार मोठी आशा वाटते, काहींना धास्ती. आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरे देत आहे. खार जमीनवाल्यांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून तो आधी.

प्रश्न (पेण तालुका, खारेपाट): साहेब, खाऱ्या पाण्यात येणारे भात निघाले म्हणतात, उत्पन्न तीस टक्के जास्त. आमच्या बांधाला उधाणात खांड गेली आणि तेव्हापासून शेत पडून आहे. हे बियाणे लावले तर शेत परत पिकेल का?

दादा, आधी सरळ उत्तर देतो: बांधाला पडलेली खांड उघडी असेल तर कोणतेही बियाणे तिथे पिकणार नाही. मातीची क्षारता मोजायचे माप म्हणजे ईसी. साधे भात ईसी ३ च्या पुढे गेला की मार खायला लागते. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या आसपास असतो. मीठ सोसणारे वाण या दोन आकड्यांमधल्या अगदी खालच्या टप्प्यात काम करतात. पावसाने मीठ धुऊन गेल्यावर जमिनीत जे उरते, तेवढेच ते सोसतात. उधाणाचे पाणी थेट आत येत असेल तर पहिले काम बांधाचे आणि उघाडीचे, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेच्या दाराचे. खारभूमी विभागाकडे गावाचा अर्ज गेला नसेल तर तो आधी द्या, आणि एकेकट्याने न देता त्या बांधाखालच्या सगळ्या खातेदारांनी मिळून द्या.

आता वाणाकडे येऊ. त्याचे नाव 'पुसा डीएसटी राईस १'. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो 'एमटीयू १०१०' या आंध्रातल्या मारुतेरू केंद्राच्या वाणापासून तयार केला. भातात डीएसटी नावाचे एक जनुक असते. पानावरची रंध्रे किती असावीत आणि कितपत उघडी राहावीत, यावर त्याचा ताबा चालतो. हे जनुक चालू असले की रंध्रे मोकळी राहतात, पाणी भराभर उडते, आणि जमिनीतून तेवढेच पाणी वर ओढावे लागते. खारात या ओढलेल्या पाण्याबरोबर मीठही चढते. शास्त्रज्ञांनी हे एक जनुक बंद पाडले. पान थोडे रुंद झाले, रंध्रे कमी झाली, रोप पाणी राखून वापरू लागले. बाहेरचे कोणतेही जनुक त्यात घातलेले नाही.

तुम्ही ऐकलेला तीस टक्क्यांचा आकडाही खोटा नाही. खारट आणि चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनींवरच्या चाचण्यांत या वाणाने ९.६६ ते ३०.४ टक्के जास्त उत्पादन दिल्याचे जाहीर झाले आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा किनारी खार जमिनीतला आहे. शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. पण हा आकडा कशाच्या तुलनेत आहे ते विचारा. तो मूळ एमटीयू १०१० च्या तुलनेत आहे, आणि एमटीयू १०१० हा काही खाराचा वाण नव्हे. खारेपाटातला शेतकरी एमटीयू लावतच नाही. तो लावतो पनवेल १, पनवेल ३, किंवा बापजाद्यांपासून चालत आलेला राता. तुमच्या दृष्टीने खरी तुलना यांच्याशीच व्हायला हवी. नवा वाण पनवेल ३ च्या शेजारी, त्याच खाचरात, त्याच पाण्यात उभा राहिलेला पाहिल्याशिवाय मी तुम्हाला "पूर्ण शेत याचे लावा" असे सांगणार नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. एमटीयू १०१० बुटक्या बांध्याचा आहे. जनुक बंद केले म्हणून त्याचा बांधा खारेपाटाच्या खोल पाण्याजोगा झाला असे समजू नका. आपल्या सखल खाचरांत जुलैत गुडघ्यापर्यंत पाणी साचते, उघाडी भरतीला बंद आणि पाऊस वरून चालू, अशा वेळी बुटके रोप पाण्याखाली जाते. राता उंच वाढतो, म्हणूनच आपल्या आज्यांनी तो राखला. थोड्या उंच, पाणी न साचणाऱ्या खार खाचरात मात्र नवा वाण चांगला ठरू शकतो असे मला वाटते.

आणि राता ही साधी गोष्ट समजू नका. पनवेल १ च्या वंशात भुरा राता आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या निवडून ठेवलेले मीठ सोसण्याचे गुण संशोधन केंद्रात आयआर ८ या वाणाशी संकरातून जोडले गेले. केरळातल्या पोक्कली भातातला असाच गुण 'सॉल्टॉल' या नावाने जगभरच्या भात संशोधनात वापरला जातो. जीन एडिटिंगला आधी माहीत असावे लागते की कोणते जनुक बदलायचे, आणि ते शोधायचे ठिकाण म्हणजे असेच जुने वाण. त्यामुळे नवे बियाणे आले म्हणून घरातला राता संपवू नका. एक कणगा नाही तर निदान एक मडके भरून दरवर्षी ताजे बी ठेवा.

माझी खरी मागणी वेगळी आहे आणि ती मी वरच्या बैठकांतही मांडतो: हाच डीएसटीचा बदल थेट पनवेल ३ मध्ये किंवा रात्यात का करू नये? संकर करून एक गुण आणायचा म्हणजे दोन्ही वाणांची सगळी जनुके एकमेकांत मिसळतात, मग मूळ वाण परत मिळवायला अनेक पिढ्या उलट संकर करावा लागतो. त्यात आठ-दहा वर्षे सहज जातात. एडिटिंगमध्ये वाण तोच राहतो, फक्त एक जागा बदलते. रात्याची उंची, त्याचा तांबडा दाणा, त्याची चव जशीच्या तशी राहू शकते. अडचण एकच: बदललेल्या पेशीपासून प्रयोगशाळेत पूर्ण रोप उभे करावे लागते, आणि ते प्रत्येक वाणात सारखे जमत नाही. ते काम चिकाटीचे आहे. पण आपल्याकडे पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, दापोलीला विद्यापीठ आहे. कोकणासाठी हे काम कोकणात व्हायला हवे.

तोवर खारात काय करायचे? भात दोन वेळा मिठाला सर्वांत हळवे असते: रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात. म्हणून पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांचे पाणी खाचरात कोंडून मग उघाडीतून काढून द्या, मीठ धुऊन जाऊ द्या, आणि त्यानंतरच लावणी करा किंवा रहू (मोड आणलेले बी) टाका. रोपवाटिका गोड्या जमिनीत करा. लावणीची रोपे नेहमीपेक्षा थोडी जून घ्या आणि एका चुडात तीन-चार लावा. रोपाच्या पानांची टोके पांढरी पडून गुंडाळू लागली, तर लगेच युरियाकडे धावू नका. ते बहुतेक वेळा मीठ असते. आधी साचलेले पाणी काढून पावसाचे नवे पाणी घ्या. कापणीनंतर जमीन उघडी ठेवू नका. उन्हाने पाणी वर ओढले जाते आणि मार्चपर्यंत ढेकळांवर पांढरा थर येतो, तो हाताला लागतो. पेंढ्याचे आच्छादन टाकले तरी हा थर कमी बसतो. आणि कोणी सांगितले म्हणून जिप्समच्या गोणी आणून टाकू नका. जिप्सम चोपण जमिनीचे औषध आहे. आपली बहुतेक खार जमीन नुसती खारट असते. माती तपासून मगच ठरवा.

प्रश्न (अलिबाग तालुका): दुसऱ्या वाणाचे, 'कमला'चे काय? आमच्याकडे भातानंतर पांढरा कांदा असतो.

'डीआरआर धान १००', म्हणजेच कमला, हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून काढला. त्यात सीकेएक्स २ हे जनुक बंद केले आहे. हे जनुक लोंबीत दाणे धरवणारे संजीवक मोडून टाकते. ते बंद झाले की संजीवक टिकते आणि लोंबीला दाणे जास्त येतात. जाहीर झालेल्या सरासरीनुसार उत्पादन हेक्टरी साडेचार टनांवरून ५.३७ टनांवर गेले आणि पीक १५ ते २० दिवस आधी तयार होते.

तुमच्यासाठी दाण्यापेक्षा हे दिवस मोलाचे आहेत. सांबा महसुरी गरवा, बारीक दाण्याचा वाण. तो आपल्याकडे फारसा नाही. पण गरव्या भाताच्या खाचरात कांदा, वाल किंवा चवळी घेणाऱ्याला शेत पंधरा दिवस आधी मोकळे मिळाले, तर जमिनीतली ओल हाती लागते आणि कांद्याला एखादे पाणी कमी लागू शकते. मात्र आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पाऊस असतो. पीक लवकर पिकले आणि पावसात सापडले तर उभ्या लोंबीत कोंब येतात. म्हणून गोड्या जमिनीवर, एखाद-दोन गुंठ्यांत, आपल्या नेहमीच्या कर्जतच्या वाणाशेजारी लावून पाहणे शहाणपणाचे. खारात कमला लावू नका, तो त्यासाठी नाही.

प्रश्न (गुहागर, महिला बचत गट): आम्ही तांबडा भात आणि पोहे विकतो. हे बीटीसारखेच आहे का? खायला चालते का? आमच्या भातात मिसळले तर?

ताई, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. बीटी कापसात, जो २००२ पासून आपल्या देशात आहे, एका जिवाणूचे जनुक घातलेले आहे. म्हणजे कापसात जे मुळात नव्हते ते आणले. या दोन भातांत तसे काही आणलेले नाही. भाताच्या प्रत्येक पेशीत सुमारे चाळीस कोटी अक्षरांचा मजकूर असतो. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांनी क्रिस्पर नावाची पद्धत मांडली, तिला २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या पद्धतीत वीस अक्षरांची एक खूण तयार करतात. ती खूण जिथे जुळते तिथे कॅस ९ हे विकर (एन्झाइम) मजकूर कापते. पेशी तो काप स्वतः सांधते आणि सांधताना काही अक्षरे गळतात. सातबाऱ्यावर गट नंबरचा एक आकडा गळला की पूर्ण उतारा निरुपयोगी होतो, तसे ते जनुक निकामी होते. पुढच्या पिढीत कापणारे विकर ज्यात उरलेले नाही अशीच रोपे निवडतात. अक्षरे गळण्यासारखे बदल शेतात निसर्गतःही होत असतात. जुने हळवे वाण अशाच बदलांतून निवडले गेले.

म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी, परके जनुक नसलेल्या अशा पिकांना १९८९ च्या जीएम नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली. तरी काही शेतकरी संघटना आणि अभ्यासकांचा या सवलतीला आक्षेप आहे. त्यांचे म्हणणे असे की कापणारे विकर भलत्याच जागी कापू शकते, ते तपासले गेले पाहिजे, आणि चाचण्यांचे आकडे सर्वांसमोर असले पाहिजेत. भलत्या जागी काप जाण्याची शक्यता खरी आहे. पूर्ण मजकूर वाचून ती तपासता येते. माझे मत विचाराल तर, परक्या जनुकाशिवाय केलेला असा बदल खाण्याला धोकादायक मानायला मला कारण दिसत नाही. जपानमध्ये २०२१ पासून क्रिस्परने बदललेला टोमॅटो लोक विकत घेऊन खात आहेत. पण चाचण्यांची पूर्ण माहिती मराठीत, वाणागणिक, शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, यावर मी ठाम आहे. ज्याने पेरायचे आणि खायचे, त्याला विचारायचा हक्क आहे.

मिसळण्याचे म्हणाल तर भात स्वपरागी आहे, म्हणजे फुलाला बहुतेक स्वतःचेच पराग लागतात. प्रमाणित बियाण्याच्या शेतालाही शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर पुरेसे धरतात. शेतातल्या वाऱ्यापेक्षा भेसळ खळ्यावर जास्त होते. मळणी यंत्रात आधीच्या शेतकऱ्याचे दाणे अडकलेले असतात, गोणीच्या शिवणीत चार दाणे राहतात, आणि पुढच्या वर्षी तांबड्या भातात पांढरे दाणे दिसू लागतात. गटाचा भात तांबडा म्हणून विकता, तर मळणी यंत्र लावण्याआधी रिकामे चालवून झाडून घ्या आणि बियाण्याच्या लोंब्या हाताने निवडून वेगळ्या ठेवा. तुमचा वाण खरोखर वेगळा असेल तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली 'शेतकरी वाण' म्हणून त्याची नोंदणी करा. त्याला शुल्क नाही. अर्जासाठी मी मदत करीन.

प्रश्न (देवगड): भाताचे एवढे करता, मग साका न होणारा हापूस का करत नाही?

बागायतदारांचे दुःख मला समजते. वरून सोन्यासारखा, डाग नाही, सुरकुती नाही. कापल्यावर कोयीजवळ पांढुरका, फुसका, आंबूस वासाचा गर. ग्राहकाने एक असा आंबा कापला की पूर्ण पेटीचा विश्वास जातो.

अडचण अशी की साका एका जनुकाचा खेळ नाही. तापलेल्या जमिनीची झळ, फळ झाडावर जास्त वेळ राहणे, कोयीतल्या बीजाची रुजण्याकडे सुरू झालेली हालचाल, अशा अनेक गोष्टी त्यात आहेत. हापूसचा पूर्ण जनुकीय मजकूर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यामुळे शोधाला पाया मिळाला. पण कोणते अक्षर बदलले की साका थांबेल, हे हाती आल्याशिवाय एडिटिंग करायचे कशावर? शिवाय हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून बदल कोयीत करून उपयोग नाही. तो झाडाच्या स्वतःच्या पेशीत करून त्या पेशीचे रोप उभे करावे लागेल, जे आंब्यात फार कठीण आहे. पुढे फळ यायला वर्षे लागतील. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: असे एक झाड जरी हाती आले, तरी कलमे बांधून ते पूर्ण किनाऱ्यावर पसरवता येईल. बियाण्याची वाट पाहावी लागणार नाही.

साका नसलेला आंबा हवा असेल तर तो आपल्याकडे आहेच. नीलम आणि हापूसच्या संकरातला रत्ना, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्यातून आलेला पातळ कोयीचा सिंधू, दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाचे. बाजार हापूसचेच नाव मागतो हे मान्य, पण बागेत काही झाडे यांची असावीत. हापूससाठी सांगायचे तर फळ ८० ते ८५ टक्के पक्वतेला काढा, सकाळी दहाच्या आत काढा, देठासकट काढा, आणि काढलेले फळ उन्हात तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवू नका. मार्चपासून झाडाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन ठेवा. बागेतला पालापाचोळा जाळून जमीन लख्ख करण्याची सवय साक्याला आमंत्रण देते. ती सोडाच.

प्रश्न (वेंगुर्ला): काजूवरच्या ढेकण्याला जीन एडिटिंगने आवर घालता येईल?

नजीकच्या काळात नाही. कीड मारणारे प्रथिन झाडात हवे असेल तर ते बहुधा बाहेरून आणावे लागते, आणि ते बीटीच्या वाटेने जाते. झाडात आहे ते बंद करणे एडिटिंगला सोपे, नवे उभे करणे अवघड. ढेकण्यासाठी नवी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळा बाग फिरून पाहणे, हेच काम आहे.

प्रश्न (राजापूर): टिश्यू कल्चरची केळी म्हणजे जीन एडिटिंग का?

नाही. टिश्यू कल्चर म्हणजे एका निरोगी झाडाच्या पेशींपासून तशीच हजारो रोपे करणे. जनुकांना हात लागत नाही. निर्धास्त लावा, रोपे मात्र मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच घ्या.

प्रश्न (अनेक गावांतून): हे बियाणे कुठे मिळेल? एकाने पाकिटातून आणून दिले, किलोला मोठा भाव लावला.

घेऊ नका. वाण जाहीर झाला त्याच वेळी सांगितले गेले होते की पैदासकार बियाण्यापासून वाढवत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचायला काही वर्षे लागतील. बियाणे येईल तेव्हा ते टॅगसह येईल. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. टॅगवर वाणाचे नाव, लॉट नंबर आणि उगवणीची चाचणी लिहिलेली असते. पावती घ्या आणि मूठभर बियाणे टॅगसकट हंगाम संपेपर्यंत बाजूला ठेवा. तक्रार झालीच तर पंचनाम्याला तेच उपयोगी पडते. हे दोन्ही वाण सरळ आहेत, संकरित नाहीत, म्हणजे एकदा घेतलेले बियाणे तुम्ही घरी राखून पुन्हा पेरू शकता. शेजाऱ्याला देऊ शकता, विकूही शकता. २००१ च्या कायद्याने तो हक्क तुम्हाला दिला आहे. फक्त ब्रँडच्या पाकिटात घालून विकता येत नाही.

ज्यांना खारातल्या खाचरात नव्या वाणाची तुलना करून पाहायची आहे, त्यांनी नाव सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) आत्ताच नोंदवा. बियाणे उपलब्ध झाले की प्रात्यक्षिकासाठी माती आधीच तपासलेली शेते लागतील. नमुना पाऊस पडायच्या आत, मे महिन्यात घ्या: खाचरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची, वरच्या वीतभर थरातली माती, सावलीत वाळवून अर्धा किलो. चिठ्ठीवर गट नंबर, शेवटचे खारे पाणी कधी शिरले, आणि आजवर तिथे कोणता वाण लावत होता, एवढे लिहायला विसरू नका. वाण लिहिला नसेल तर तुलनेला शेजारी काय लावायचे ते आम्हाला ठरवता येत नाही.